बर्फावरचा नांगर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या वर्धा जिल्ह्यात बर्फ दोनच प्रकारचा. एक कारखान्यातला. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर चढला की गोणपाटात गुंडाळलेली, लाकडाचा भुसा लागलेली बर्फाची लादी हातगाडीवरून येते आणि रसवंतीवाला ती फोडून उसाच्या रसात टाकतो. दुसरा बर्फ आभाळातला. फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू-हरभरा शेतात उभा असताना गारा पडतात. पोरं धावत जाऊन ओंजळीत गारा वेचतात आणि त्याच वेळी त्यांचा बाप दारात उभा राहून डोक्याला हात लावतो. आभाळातून काही पांढरं पडावं आणि घरातल्या सगळ्यांना त्याचा आनंद व्हावा, असा अनुभव आमच्या भागाच्या वाट्याला आलेला नाही.

शब्दांशी खेळणाऱ्या माणसाला यात आणखी एक गंमत दिसते. 'बर्फ' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत बर्फ म्हणजे आभाळातून भुरभुर पडणारं हिम. पाणी गोठून दगडासारखं झालं की त्याला तिथे 'यख' म्हणतात. आपण शब्द घेतला, पण ती वस्तू आपल्याकडे नव्हती. मग तो शब्द कारखान्यातल्या लादीला चिकटवून आपण मोकळे झालो. काश्मिरीत हिमाला 'शीन' म्हणतात. हंगामातला पहिला बर्फ पडला की तिथली माणसं एकमेकांना 'शीन मुबारक' म्हणतात.

तर हे शीन बघायला, आणि नुसतं बघायला नव्हे तर त्याच्यावरून घसरायला, येत्या हिवाळ्यात आम्ही दहा माणसं हिंगणघाटहून निघायचं म्हणतो आहोत. मी, बायको, माझी थोरली बहीण म्हणजे आमची आपा, मुलगी, जावई, अकरा वर्षांचा नातू आणि आठ वर्षांची नात, हे आमच्या घरचे सात. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातले भाऊ, वहिनी आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा हे तीन. भाऊंची सात एकर शेती आहे, कापूस आणि सोयाबीनची. आजच्या भाषणात मी तुम्हाला प्रवासवर्णन सांगणार नाही, कारण प्रवास अजून व्हायचा आहे. मला सांगायचं आहे ते त्याच्या तयारीबद्दल. घरातली दहा माणसं एकत्र बसून एखाद्या दूरच्या गोष्टीची आखणी करतात, तेव्हा काय काय निघतं, त्याबद्दल.

आता पहिला प्रश्न, जायचं कुठे? आपल्या देशात स्की शिकायची ठिकाणं आहेत ती पश्चिम हिमालयात. हिमाचलमध्ये मनालीजवळचं सोलंग आहे. मनालीला १९६१ साली सुरू झालेली सरकारी गिर्यारोहण संस्था आहे, ती तिथे स्कीइंगही शिकवते. उत्तराखंडात औली आहे. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथे झाल्या होत्या. पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली, घरांना भेगा पडल्या आणि औलीला नेणारा रोपवे बंद करावा लागला. तिसरं ठिकाण काश्मीरमधलं गुलमर्ग. इथे इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ साली स्की क्लब काढला होता. १९६८ पासून केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था तिथे आहे. शिवाय गोंडोला, म्हणजे दोरावर लटकत वर जाणारे पाळणे. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, दुसरा २००५ साली.

जावयाने कागदावर उंच्या लिहिल्या. आमचं हिंगणघाट समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आसपास. आमच्या विदर्भाचं थंड हवेचं ठिकाण चिखलदरा अकराशेच्या आसपास. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. गुलमर्गचं कुरण २,६५० मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही हजार मीटर वर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला तीन हजारांच्या पार नेतो, आणि दुसरा अफरवतच्या अंगावर चार हजार मीटरच्या जवळ. नातवाने कागद बघून विचारलं, "नाना, एवढ्या वर गेल्यावर खाली कसं यायचं?" तो घसरून येण्याबद्दल विचारत होता. पण या सगळ्या बेतातला खरा प्रश्न हाच आहे, हे पुढे आम्हा सगळ्यांना पटत गेलं.

दुसरा प्रश्न, कधी जायचं? इथे आमच्या वहीत पाच पंचांगं एकमेकांवर आली. एक काश्मीरच्या थंडीचं. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस तिथे 'चिल्लई कलान' असतं, म्हणजे मोठी थंडी. त्यानंतर वीस दिवसांची धाकटी आणि मग दहा दिवसांची अगदी लहानगी थंडी. दुसरं पंचांग भाऊंच्या शेताचं. सीतादही होऊन पहिली वेचणी घरात येते आणि बाजार समितीत गाडी लागते, तेव्हा कुठे हातात पैसा दिसतो. आणि फेब्रुवारी संपता संपता हरभरा काढणीला येतो. तिसरं शाळेचं. चौथं आमच्या रोज्यांचं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि या काही वर्षांत तो फेब्रुवारीच्या आसपास येतो आहे. पाचवं मुलीने आठवण करून दिलेलं. ती शिक्षिका आहे. २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला तिला शाळेत हजर राहावंच लागतं. या पाचांच्या मधून २७ जानेवारी ते ५ फेब्रुवारी एवढीच फट उरली.

आणि एवढं करून ऐन वेळी बर्फच नसला तर? हा प्रश्न रिकामा नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग उघडंबोडकं होतं. ऐन चिल्लई कलानमध्ये पिवळं गवत दिसत होतं. पर्यटकांनी बुकिंग रद्द केली आणि बर्फ पडला तो महिना संपता संपता. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे होणाऱ्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.

हा बर्फ येतो कुठून, तर भूमध्य समुद्राकडून. तिकडून हिवाळ्यात जे वाऱ्याचे आणि ओलाव्याचे लोट पूर्वेकडे सरकत येतात, त्यांना हवामान खातं पश्चिमी झंझावात म्हणतं. ते हिमालयाला धडकले की काश्मीरमध्ये बर्फ पडतो. त्यांचा जोर दक्षिणेकडे उतरला आणि बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा त्यांना भेटली, तर आमच्या विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारपीट. हे मी भाऊंना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे ज्या वाऱ्याची पोरं वाट पाहून राहिली, त्यालेच मी येऊ नको म्हणतो ना." त्या दिवसापासून बर्फ पडावा म्हणून आमच्या घरात कुणी मोठ्याने दुआ मागत नाही. तिकडे बर्फ नाही पडला तर झेलमला उन्हाळ्यात पाणी कमी, भाताला आणि सफरचंदांना पाणी कमी. इकडे पाऊस पडला तर हरभरा गेला. आपल्या सुटीची गोष्ट या दोन्हींच्या मानाने लहान आहे, एवढं कळलं तरी बेत आखण्याचं निम्मं काम झालं म्हणायचं.

आता श्रोतेहो, अवघड गोष्टीकडे येतो. आमची वही उघडली ती २०२५ च्या जानेवारीत. त्याच वर्षी २२ एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी पर्यटकांना धर्म विचारून गोळ्या घातल्या. २६ माणसं गेली. त्यांतली सहा आपल्या महाराष्ट्रातली होती, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला सय्यद आदिल हुसेन शाह हा स्थानिक घोडेवालाही मारला गेला. त्या रात्री आमच्या दोन्ही घरांत एकच वृत्तवाहिनी लागलेली होती आणि मधल्या भिंतीतून दोन्हीकडचे आवाज ऐकू येत होते. वही कपाटात गेली. कुणी तिचं नाव काढलं नाही.

चार-पाच महिन्यांनी, गणपती उठल्यावर, वहिनींनीच विषय काढला. अंगणात मिरच्या वाळत घालता घालता म्हणाल्या, "तुम्ही जाणार असाल तर आम्हीही येऊ."

मला बरं वाटलं. पस्तीस वर्षांचा शेजार आहे. आमच्या ईदचा शिरखुर्मा त्यांच्याकडे आणि त्यांच्या पोळ्याच्या पुरणपोळ्या आमच्याकडे, हे इतकं जुनं झालंय की त्याबद्दल बोलायलाही कुणाला सुचत नाही. पण त्या वाक्याने मला धास्तीही वाटली. माझं नाव काही कुणाची ढाल होऊ शकत नाही. आदिल हुसेनचं नाव त्याच्या स्वतःच्याही उपयोगी पडलं नाही. आणि मी सोबत आहे म्हणून कुणी आपल्या तरुण पोराला घेऊन एवढ्या लांब यावं, असं वजन मी उचलू शकत नाही. मी वहिनींना एवढंच म्हणालो, "माझ्या भरवशावर येऊ नका. तुमचं मन होय म्हणत असेल तर या."

रात्री मुलगी वही घेऊन बसली आणि तिने पहिल्या पानावर एक नियम लिहिला. तो असा: दहांपैकी कुणालाही, कधीही, कारण न सांगता 'मी येत नाही' म्हणता येईल. त्याला कुणी का म्हणून विचारायचं नाही, आग्रह करायचा नाही, आणि तिकीट रद्द केल्याचे पैसे दहांत वाटून घ्यायचे. शेवटचं होय-नाही १० जानेवारीला, त्या वेळची परिस्थिती आणि प्रशासनाच्या सूचना बघून.

हा नियम लिहिला गेला आणि घरातलं वातावरणच बदललं. आपल्याकडे सहलीचा बेत म्हणजे एक उत्साही माणूस आणि त्याच्यामागे फरफटत जाणारी बाकीची. 'सगळे येताहेत, तुम्हीच कशा मागे राहता' हे वाक्य आपण किती सहज बोलतो. नाही म्हणायची मोकळीक मिळाली तेव्हा माणसं खरं बोलू लागली. वहिनी म्हणाल्या, त्यांना भीती अतिरेक्यांची आहे त्यापेक्षा जास्त पाळण्याची आहे, उंचावर लटकायची. जावई म्हणाला, त्याला रजा मिळेल पण पगारी मिळेल की नाही माहीत नाही. माझी बायको, जिने तोवर फक्त चहा आणून दिला होता, ती म्हणाली, "मला बर्फावर घसरायचं आहे. कुणी हसणार नसाल तर." कुणीही हसलं नाही. तिचं वय पंचावन्न आहे.

मग पैशाचं. विमानाची तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त, पण आधी म्हणजे ऑक्टोबरात, आणि ऑक्टोबरात भाऊंचा कापूस झाडावर असतो. "कापूस विकल्याशिवाय पैसा नाही दिसत ना भाऊ," ते म्हणाले. तेव्हा विमान बाद. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी सुरू होतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे. २७ जानेवारीच्या प्रवासासाठी खिडकी उघडते नोव्हेंबरच्या अखेरीस, आणि तोवर पहिल्या वेचणीचे पैसे हाती आलेले असतात. शिवाय तिकीट वेळेत रद्द केलं तर रेल्वे थोडीच रक्कम कापते, म्हणजे पहिल्या पानावरचा नियमही फार महाग पडत नाही. राहिलेली रक्कम वहिनी आणि माझी बायको ज्या भिशीत आहेत त्या भिशीतून. दोघींनी आपापले नंबर मागून जानेवारीचे घेतले आहेत.

नागपूरहून जम्मूकडे जाणाऱ्या गाडीत दीड दिवसाच्या आसपास काढायचा. पुढे कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वेनेच. ६ जून २०२५ ला हा मार्ग पूर्ण झाला. वाटेत चिनाब नदीवरचा पूल लागतो, पात्रापासून ३५९ मीटर उंच. वहिनींनी तेवढा वेळ डोळे मिटायचं आधीच ठरवलं आहे. श्रीनगरहून तंगमर्ग आणि तिथून तेरा किलोमीटरचा घाट चढून गुलमर्ग. बर्फ असेल तर या घाटात साध्या गाड्या चालत नाहीत, चाकांना साखळ्या बांधलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या घ्याव्या लागतात. रेल्वेने हळूहळू वर जाण्यात एक फायदाही आहे. सव्वादोनशे मीटरवरचं शरीर एकदम पावणेतीन हजारांवर नेलं तर डोकं दुखतं, धाप लागते, झोप येत नाही. म्हणून श्रीनगरला एक रात्र मुक्काम, आणि गुलमर्गचा पहिला दिवस नुसता बसून, पाणी पिऊन काढायचा.

हा पहिला दिवस आपासाठी आहे. आपा सदुसष्ट वर्षांची आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला बाबा फरीद यांच्या दर्ग्याची टेकडी आहे, तिथे आमच्या भागातल्या सगळ्या धर्मांची माणसं जातात. ती टेकडी चढताना आपा तीनदा बसते. साहजिकच सुरुवातीला जावयाने केलेल्या यादीत नऊच नावं होती. आपाने यादी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "मेरा बच्चा जिसमें रहता है, वो चीज़ तो देख लूँ."

तिचा मुलगा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. तिथे ऑक्टोबर ते एप्रिल केव्हाही बर्फ पडतो. तो फोनवर दाखवतो, फावड्याने दारातला बर्फ उपसतो, मोटारीच्या काचेवरचा खरवडतो. आपाला वीस-बावीस तासांचा विमानप्रवास झेपणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. लेक ज्या गारठ्यात उभा असतो तो गारठा एकदा आपल्या पायांखाली घ्यायचा, एवढंच तिचं मागणं. यादीत दहावं नाव लागलं आणि सगळा बेत त्या नावाभोवती फिरून मांडावा लागला. जो सर्वांत कमी चालू शकतो त्याच्या पायांनी अंतर मोजायचं, असं ठरलं. हॉटेल गोंडोलाच्या जवळचं हवं, खोली तळमजल्यावर हवी. आपा पहिल्या टप्प्यापर्यंतच जाणार, दुसऱ्या टप्प्याला नाही. तिथे वारा सुटला की तो टप्पा तसाही बंद ठेवतात.

गुलमर्गमध्ये माणसं लाकडी स्लेजवर पर्यटकांना बसवून ओढतात. आपाला मी म्हणालो, तू त्यात बस. ती म्हणाली, माणसाने ओढायचं आणि मी बसायचं, हे मला नको. आमच्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि पवनार आहे, इथल्या माणसाच्या मनात हा प्रश्न येणारच. माथेरानमधल्या हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, तोही याच भावनेतून. पण तो आदेश देताना रिक्षा ओढणाऱ्यांना पर्यायी रोजगार द्या, असंही न्यायालयाने सांगितलं. स्लेजवाल्याचा हिवाळा चार महिन्यांचा, आणि मागच्या काही वर्षांत त्यातलाही बराच कोरडा गेलेला. शेवटी आपानेच तोड काढली. स्लेजवर सामान ठेवायचं, मजुरी पूर्ण द्यायची, आणि स्लेजवाल्याच्या हाताला धरून आपण चालायचं.

कपड्यांचं सांगतो, कारण यात आम्हा वर्धेकरांची थोडी मानहानी आहे. कापूस हे आमचं पांढरं सोनं. पण बर्फात कापूस चालत नाही. सुती बनियन घाम पिऊन घेते आणि सोडत नाही, आणि ओला कापूस अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून अंगालगत लोकरीचं किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचं काही, त्यावर लोकरीचा थर, आणि सर्वांत वर वारा-पाणी आत न येऊ देणारं जॅकेट. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण स्की करताना घाम येतो आणि थांबल्यावर थंडी वाजते, तेव्हा थर काढता-घालता आले पाहिजेत. मोज्यांचे दोन जोड एकावर एक घालायचे नाहीत, पाय आवळले जातात आणि बोटं जास्त गारठतात. वरचे कोट आणि गमबूट तंगमर्गला भाड्याने मिळतात, स्की आणि त्यांचे बूट गुलमर्गला. विकत घ्यायचं फक्त आतलं आणि हातमोजे. आणि काळा चष्मा प्रत्येकाला, नातीलासुद्धा. बर्फावरून परतलेलं ऊन डोळे भाजून काढतं, हे उन्हाच्या देशातल्या माणसालाही सांगावं लागतं.

भाऊंचा मुलगा म्हणतो, मी स्की करणार नाही, स्नोबोर्ड करणार. स्की म्हणजे दोन पायांना दोन लांब पट्ट्या आणि हातात दोन काठ्या. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले आणि अंग आडवं. हा खेळ जन्मला तोही घरगुतीच. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्या खेळण्याचं पुढे १९९८ साली नागानोच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पदकाच्या खेळात रूपांतर झालं. डेन्व्हरचा भाचा सांगतो, "मामू, स्की पहिल्या दिवशी सोपी वाटते आणि नंतर अवघड होत जाते. स्नोबोर्ड पहिले तीन दिवस माणसाला नुसता आपटतो, मग सोपा होतो." आमच्याकडे बर्फावरचे दिवस चारच आहेत. त्याला म्हटलं, बाबा, तू ठरव. हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे घातल्याशिवाय मात्र नाही.

भाच्याचा आणखी एक सल्ला फार मोलाचा आहे. तो म्हणतो, तिकडे कोलोरॅडोच्या डोंगरांत दर रविवारी नवरे बायकांना आणि बाप मुलांना स्की शिकवताना दिसतात, आणि दुपारपर्यंत सगळी कुटुंबं भांडलेली असतात. शिकवायला परका माणूस घ्या. म्हणून आम्ही दोन दिवसांसाठी स्थानिक शिक्षक घेणार आहोत, मुलांना एक आणि मोठ्यांना एक. गुलमर्ग-तंगमर्गच्या या मुलांना बर्फ आपल्या मुलांना माती कळावी तसा कळतो. त्यांच्यातलाच आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता, आणि जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. त्याच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान, आणि तो चार वर्षांचा असल्यापासून बर्फावर.

हे शिक्षक पहिला धडा कोणता देतात? वेगाने जाण्याचा नाही, थांबण्याचा. दोन्ही स्कींची टोकं पुढे जवळ आणायची, टाचा बाहेर फाकवायच्या, गुडघे किंचित वाकवून आतल्या कडांवर भार द्यायचा. वरून बघितलं तर उलटी 'व्ही' दिसते. बर्फ खरवडला जातो आणि वेग मरतो. इंग्रजीत या पवित्र्याला बर्फाचा नांगर म्हणतात. हे ऐकल्यावर भाऊंचा चेहरा उजळला. नांगराचा फाळ जमिनीत दाबला की बैलांची चाल आपोआप मंदावते, हे त्यांना कुणी शिकवायला नको. आमच्या दहा जणांत स्की सर्वांत लवकर त्यांनाच येईल, असं आता पोरांनाही वाटू लागलं आहे. गेल्या रविवारी त्यांनी अंगणात माझ्या बायकोला आणि नातवंडांना रांगेत उभं करून टाचा फाकवायचा सराव करून घेतला. गुडघे असे वाकवायला लागलो की मांड्या भरून येतात. दोन महिने रोज वीस उठाबशा, हा त्यांचाच हुकूम आहे.

धोक्यांचंही एक पान वहीत आहे. आखलेल्या उतारांच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४, दोन्ही वर्षी गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनात परदेशी स्कीपटू दगावले, आणि ते आपल्यासारखे नवशिके नव्हते. ताजा बर्फ पडल्यावरचे एक-दोन दिवस जितके देखणे तितकेच वाईट. दुसरी सूचना रात्रीची. बंद खोलीत कोळशाची कांगडी किंवा गॅसचा हीटर लावून झोपायचं नाही. त्यातला विषारी वायू वास देत नाही आणि माणूस झोपेतच जातो. बर्फापेक्षा मला या गोष्टीची जास्त काळजी आहे, म्हणून झोपण्यापूर्वी प्रत्येक खोलीत जाऊन बघायचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे.

वहीतलं शेवटचं पान आहे, 'बर्फ नसेल तर'. ते आधी कुणाला लिहायचं नव्हतं. ते लिहिलं तर बर्फ येणार नाही, असं नातीला वाटत होतं. मग तिलाच लिहायला दिलं. तिने लिहिलंय: सरोवरात शिकाऱ्यात बसू. पश्मिना विणतात ते बघू. नानांच्या ओळखीच्या कवींना भेटू. आपा-नानीला गोंडोलात बसवून वरपर्यंत नेऊ, वर थोडा तरी असेल. नसला तर मामूंना फोन लावून सांगू की इथे नाही, तुमच्याकडचा दाखवा.

यात मला काही दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

श्रोतेहो, मी प्रवास-कंपनीचा माणूस नाही, तेव्हा तुम्ही गुलमर्गलाच जा असं सांगत नाही. तुमचा बेत ताडोब्याचा असेल, कोकणातला असेल, नाहीतर पंढरपूरचा असेल. पण वहीच्या पहिल्या पानावर कुठे आणि किती खर्च हे लिहिण्याआधी, नाही कसं म्हणायचं आणि थांबायचं कसं, ते लिहून ठेवा. ते लिहिलेलं असलं की घरातली गप्प बसणारी माणसंही आपल्याला काय हवं ते सांगतात.

आमची तिकिटं अजून काढायची आहेत. कापूस वेचणीला आला आहे. १० जानेवारीला दहांपैकी किती जण होय म्हणतील हे मला आज सांगता येणार नाही. मी कुणाला विचारणारही नाही.